तिसऱ्या मजल्याच्या दाराखालचा गारवा

मी, को जिन-शू, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा एसी व फ्रीज दुरुस्ती (दुकान बंद होऊन बराच काळ झाला, पाटी मात्र शटरवर अजून आहे), मूळचा युनलिनच्या किनाऱ्यावरचा, हल्ली राहणार सानचोंग, जुन्या बर्फ कारखान्यामागची गल्ली, चार मजली इमारतीचा चौथा मजला. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता करून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कान कमी ऐकतात, पण ते ऐकायचं नसेल तेव्हाच, असं माझी दिवंगत पत्नी च्यू-लान म्हणत असे, आणि तिचं खोटं निघाल्याचं मला आठवत नाही.

हात थरथरतो म्हणून हा मजकूर मी तोंडाने सांगत आहे आणि श्रीमती च्वो बी-श्या तो लिहून घेत आहेत. गल्लीतल्या घरांचे दस्त लिहिण्यात या बाईंची हयात गेली. कोणाचं घर कोणाच्या नावावर आहे आणि का आहे हे त्यांना माणसांपेक्षा जास्त माहीत असतं. नियम असा की मी बोलायचं, त्यांनी लिहून मोठ्याने वाचायचं आणि त्या धरून तीन साक्षीदारांनी ऐकायचं. साक्षीदाराला यातून दमडी मिळता कामा नये. हे ऐकून तळमजल्यावरच्या शेवयांच्या दुकानाचे मालक वेंग छी-च्वान म्हणाले, "दमडी राहू दे, चहा तरी मिळेल की तोही कायद्यात बसत नाही?" चहा दिला आहे. याची नोंद घ्यावी.

कलम पहिलं : माझा देह.

माझं दहन करावं आणि रक्षा च्यू-लानशेजारी ठेवावी. त्या अस्थिमनोऱ्यातले दोन कोनाडे मी भाव वाढायच्या आत घेऊन ठेवले आहेत. कोणतीही बाब असो, जागा आधी घेऊन ठेवायची हा माझा स्वभाव. सातव्या दिवशी भात, उकडलेलं डुकराचं मांस आणि च्यू-लान करायची तशी बांबूच्या कोंबांची भाजी ठेवावी. मात्र परलोकात राहायला म्हणून कागदाचा बंगला जाळण्याची जी पद्धत आहे, ती माझ्या बाबतीत पाळू नये. दोन मजली, गाडी आणि नोकरांसकट मिळणारा तर मुळीच नको. माझ्या नावावर घरं पुरेशी झाली.

कलम दुसरं : चौथा मजला.

मी राहतो तो चौथा मजला, त्यातील सामानासह, माझा एकुलता एक मुलगा को ग्वान-लिन याला मिळावा. तो व्हँकुव्हरला असतो. च्वोबाईंनी समजावलं की कायद्याने एकुलत्या वारसाला निम्मी मिळकत द्यावीच लागते, बाप कितीही रागावलेला असो. मी रागावलेला नाही. त्याच्या वाट्याचा मजला आणि बँकेतल्या ठेवी मिळून निम्म्याच्या वरच जातात, म्हणजे पुढे कोणी कोर्टाची पायरी चढायचं कारण उरत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत पत्र्याची खोली आहे. ती मी स्वतः बांधली. ती नकाशात नाही, दस्तात नाही, म्हणून ती कोणाला देताही येत नाही. "जे कागदावर नाही ते मृत्युपत्रात घालू नका," असं च्वोबाई म्हणाल्या. पण त्या खोलीत माणसं राहतात, आणि हे मृत्युपत्र खरं तर त्यांच्यामुळेच करायला बसलो आहे.

कलम तिसरं : हत्यारं.

गॅस भरायची नळकांडी, पाने, तांब्याचे पाइप वाकवायचा साचा आणि वेल्डिंगचा संच सानचोंगच्या तंत्रशाळेला द्यावा. मोठी अॅल्युमिनियमची शिडी मात्र देऊ नये, विकू नये. तिचं काय करायचं ते पुढे येईल.

व्हॅक्यूम पंप यादीत नाही, कारण तो तू मिंग-थ्साय याच्याकडे आहे. "उद्या आणून देतो" म्हणून घेऊन गेला. आमच्या गल्लीच्या रहिवासी मंडळाचा हा माजी अध्यक्ष. आता तो लिनकोऊला लिफ्टच्या इमारतीत राहतो. पंप मागू नये. पण माझ्या दहनाला त्याला बोलावूही नये. आला तर चहा द्यावा, जेवण देऊ नये.

कलम चौथं : कापडी फलक.

तू मिंग-थ्सायशी माझं भांडण पंपाचं नाही, हे खरं. पंप आपलं बोलायला बरा.

बर्फाचा कारखाना पाडला तेव्हा त्या जागेवर सरकार भाड्याची स्वस्त घरं बांधणार असं ठरलं. दोनशेच्या वर कुटुंबं राहू शकली असती. मिंग-थ्सायने घरोघरी जाऊन सांगितलं, "भाडेकरूंची वस्ती आली की आपल्या घरांचे भाव बसलेच म्हणून समजा. भाव बसले की तुझ्या पोराला तू काय देणार? पाने?" मला ते पटलं. मी नुसता सही करून थांबलो नाही. चौकात 'आमची गल्ली वाचवा, पोरांचं भविष्य वाचवा' असा भला थोरला फलक लागला, तो माझ्या शिडीवर चढून मी माझ्या हाताने बांधला.

शिडी फान युए-लीने धरली होती. युए-ली म्हणजे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतली आमची भाडेकरीण, मूळची थायतुंगची, कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात केस धुण्याचं काम करणारी. कामावरून येत होती. मी हाक मारली, "जरा शिडी धर गं," तिने धरली. तिने वर बघून फलक वाचला. मला वाटलं सोडते आता. तिने दुसरा हातही लावला आणि म्हणाली, "काका, डावीकडून खाली आलाय, जरा वर घ्या."

त्या जागेवर पुढे उंच इमारत झाली, संगमरवरी दाराची. मिंग-थ्सायने त्यातले दोन फ्लॅट घेऊन विकले. गल्लीत आजही सगळे म्हणतात की घरांचा तुटवडा आहे, जागाच नाही, म्हणून भाव परवडत नाहीत. जागा थोडी आहे हे खरंच. पण त्या इमारतीकडे मान वर करून पाहिलं तर निम्म्या गॅलऱ्यांत कधी कपडे वाळत नाहीत. ओलं कापड नाही तिथे माणूस नाही, एवढं कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मला ते कळत होतं, कारण माझ्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतही कपडे वाळत नव्हते.

तेव्हा माझी सूचना अशी की यापुढे गल्लीत किंवा आसपास भाड्याची घरं बांधायचा विषय निघाला तर माझ्या वारसाने संमतीची सही करावी. आणि शिडी युए-लीला द्यावी. तिला तिचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी द्यावी.

कलम पाचवं : तिसरा मजला.

आता मुद्द्याचं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी तापाच्या साथीने माणसं घराबाहेर पडेनाशी झाली त्या वर्षी भाव कोसळले, आणि मी खालचा तिसरा मजला घेतला. ग्वान-लिन कॉलेजात होता. आमच्याकडे घर नसलेल्या मुलाला मुलगी कोण देणार? शिवाय नवरा-बायकोच्या आधी त्या घरात परका झोपता कामा नये, असं च्यू-लानची आई म्हणे. आम्ही रंग दिला, चामड्याचा सोफा आणला, पलंग आणला, दुकानातलं प्लॅस्टिक न काढता सगळं जागच्या जागी ठेवलं आणि कुलूप लावलं. मी हाडाचा मेकॅनिक, तेव्हा एसी उत्तमातला बसवला.

ग्वान-लिन शिकायला गेला तो गेलाच. लग्नही तिकडेच झालं. घर बंद राहिलं.

भाड्याने का दिलं नाही, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असे, आणि ते आकड्यांत चूक नव्हतं. स्वतःच्या वापराचं घर म्हटलं की कर अगदी हलका. माझ्या दुरुस्तीच्या गाडीचा कर त्याहून जास्त होता. भाड्याने दिलं की दर चढला, वर भाड्याचं उत्पन्न दाखवा. विकलं तर नफ्यावर कर. न विकता, न देता नुसतं बसून राहिलं तर दरवर्षी भाव आपोआप वर. कायद्याने मला कुलूप लाव असं कधी सांगितलं नाही. लावलेल्या कुलपाला काही खर्च पडत नव्हता, एवढंच.

स्वतःचा वापर दाखवायला घरात कोणाचं तरी नाव नोंदलेलं लागतं. ते मी माझ्या वडिलांचं नोंदवलं. ते युनलिनला भाताच्या शेतावर. या इमारतीचा जिना त्यांनी जन्मात चढला नाही. फक्त मतदानाला त्यांना सानचोंगपर्यंत यावं लागे. "माझ्या गावचा सरपंच सगळी निवडणार, मी सोडून! पोरा, तू मला माझ्याच गावात परका केलास," असं म्हणून दर खेपेला शिव्या घालत. ते गेल्यावर ग्वान-लिनचं नाव लावलं. नाव कमी होऊ नये म्हणून तो दोन वर्षांतून एकदा हजेरी लावून जातो.

तिसरा मजला घेतल्यावर दोनेक वर्षांत युए-ली सात वर्षांच्या मुलीचं बोट धरून खोली विचारायला आली. मुलीचं नाव त्साय-वेई. मी पत्र्याची खोली दिली. देताना आमच्याकडे सगळेच घरमालक घालतात त्या दोन अटी घातल्या: भाडं करात दाखवायचं नाही, आणि इथल्या पत्त्यावर नाव नोंदवायचं नाही. ती म्हणाली, "मग मुलीची शाळा, काका? शेजारच्या शाळेत इथल्या पत्त्याशिवाय घेत नाहीत." मी म्हणालो, "मग भाडं वाढवावं लागेल."  मुलीचं नाव तिने कोणा मैत्रिणीच्या घरी नोंदवलं, आणि ते पोर दोन बस बदलून लांबच्या शाळेत जाऊ लागलं. शाळेची घंटा आमच्या गच्चीवर ऐकू येते. ती शाळा तिची नव्हती.

मग सरकारने रिकामी घरं शोधायला सुरुवात केली. कशावरून? तर विजेच्या मीटरवरून. मीटर फिरत नसेल तर घर रिकामं. गल्लीत घबराट. कोणी दिवे जळत ठेवले, कोणी फ्रीज. मी मात्र या कामातला! तिसऱ्या मजल्यावरच्या एसीला मी टायमर बसवला. रोज दुपारी तो आपोआप चालू होई, संध्याकाळी बंद. कोणी नसलेल्या खोलीत, प्लॅस्टिकमधल्या सोफ्यावर, गार हवा. मला माझ्या युक्तीचा अभिमान होता. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती सांगत असे.

पत्र्याखाली त्याच वेळी काय होत असे ते सांगतो, कारण सांगितल्याशिवाय हे कलम पुरं होणार नाही. सानचोंगच्या उन्हाळ्यात पत्रा तापला की भिंतीला हात लावता येत नाही. युए-लीने एकदा विचारलं होतं, "काका, एखादा जुना एसी असेल तर? पैसे हप्त्याने देईन." मी म्हणालो, "वरच्या वायरिंगला झेपणार नाही, आग लागेल." ते खरं नव्हतं. खालून एक नवी लाइन ओढली असती तर झेपलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम. पण लाइन ओढायची म्हणजे कोणाच्या तरी नजरेत यायचं, आणि पत्र्याची खोली बेकायदा.

एका दुपारी मी जिना चढत होतो. तिसऱ्या मजल्याच्या दारापाशी त्साय-वेई फरशीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. वही दाराला चिकटवलेली, गाल फरशीवर. दाराखालच्या फटीतून एसीचा गारवा बाहेर येत होता. मी आल्याचं पाहून ती धडपडून उठली, वही छातीशी धरली आणि वाकून म्हणाली, "आजोबा, मी आवाज नाही केला हं."

किल्ली माझ्या खिशात होती. मी "बरं बरं" म्हणालो आणि वर गेलो.

पुढेही ती तिथेच बसे. मी जिन्यात जरा जोराने खोकून चढे, म्हणजे ती बाजूला सरके. च्यू-लान एकदाच म्हणाली, "पोरगी दाराशी बसते, आत बसली तर सोफा काय चावेल तिला?" मी म्हणालो, "सवय लागेल, मग काढता येणार नाही." च्यू-लानने तो विषय पुन्हा काढला नाही. शेवटच्या दुखण्यात तिचे केस युए-लीच वर येऊन धूत असे, आणि त्याचे पैसे तिने घेतले नाहीत.

मी स्वतः युनलिनहून आलो तेव्हा याच सानचोंगात आठ जण एका खोलीत पाळीने झोपत होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

कलम सहावं : तिसऱ्या मजल्याची व्यवस्था. (हे कलम पुढे रद्द केलं आहे. च्वोबाईंच्या म्हणण्याप्रमाणे खोडलेलं दिसलं पाहिजे म्हणून मजकूर तसाच ठेवला आहे.)

माझ्या मृत्यूनंतर तिसऱ्या मजल्याचा कब्जा श्रीमती फान युए-ली व तिची मुलगी यांना राहण्यासाठी मिळावा.

एवढं सांगून झालं आणि च्वोबाईंनी पेन खाली ठेवलं. का ठेवलं ते लिहायला त्या तयार नव्हत्या. माझ्या आग्रहावरून लिहीत आहेत.

त्या म्हणाल्या, "शू-भाऊ, तुमची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. रोज नदीकाठी चालतो. का?"

"तुमच्या वडिलांनी किती वय काढलं?"

"शहाण्णव."

"म्हणजे तुम्ही आणखी पंधरा वर्षं काढणार. तोवर युए-ली पंचाहत्तरीची. तोवर ती पत्र्याखाली, आणि खालचा सोफा प्लॅस्टिकमध्ये. अहो, हे मृत्युपत्र आहे की आणखी एक कुलूप? आधी मुलाच्या लग्नासाठी बंद ठेवलंत, आता स्वतःच्या मरणासाठी बंद ठेवताय!"

मी म्हणालो, "मी देतोच आहे की."

"जिवंतपणी मुठीत, मेल्यावर दानशूर. माझ्या टेबलावर असले दस्त ढिगाने आहेत. लिहायचं असेल तर लिहिते, पण मोठ्याने वाचताना मला हसू येईल, आधीच सांगते."

वेंग आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बसचालक ज्यान थिएन-लाई, दोघेही चहाच्या कपात बघत राहिले. ज्यान म्हणाले, "बाई तोंडाने फाटकी आहे, पण मुद्दा बरोबर आहे." मला राग आला. मी बैठक मोडली आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

येथून पुढचा मजकूर दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी सांगितला आहे. साक्षीदार तेच. बैठकीची जागा मात्र वेगळी, ती खाली दिली आहे.

मधल्या काळात काय झालं ते नोंदवणं जरूर आहे.

मी ग्वान-लिनला फोन लावला. त्याला तिसरा मजला विकून तिकडे घर घ्यायचं होतं, हे मला ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं, दाराखालच्या फटीपर्यंत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, आम्ही कुठे राहतो माहितीये ना तुम्हाला? तळघरात. खिडकी छताला. वरचं सगळं घर बंद असतं, मालक वर्षातून दोन आठवडे येतो. रिकाम्या घराचा जास्तीचा कर नको म्हणून कागदोपत्री आमचाच वापर दाखवतो."

मी विचारलं, "मग तू काही बोलत नाहीस?"

"काय बोलणार? भाडं वाढवतो म्हणतो." मग जरा चिडून म्हणाला, "ते घर माझ्यासाठी ठेवलंत असं सगळ्यांना सांगत फिरलात. मला हवंय का, हे एकदा तरी विचारलंत? उगाच माझ्या नावावर त्या पोरीला बाहेर बसवलंत. कायद्याने माझं निम्मं मला मिळेल. बाकीचं करा तुमच्या मनासारखं." त्याने फोन ठेवला. तो राजी आहे असं मी म्हणत नाही. त्याने नाही म्हटलं नाही, इतकंच. त्याच्या रागाचं देणं माझ्याकडे आहे आणि ते या मृत्युपत्राने फिटत नाही.

मग मी खाली जाऊन तिसऱ्या मजल्याचं कुलूप काढलं. सोफ्याचं प्लॅस्टिक ओढलं तर त्याला चिकटून चामडंही सोलून आलं. एवढी वर्षं जपलेला सोफा. त्यावर एकदाही कोणी बसलं नव्हतं. खिडक्या उघडल्या, फरशी पुसली. एसीची जाळी साफ केली. टायमर काढून टाकला.

किल्ली घेऊन गच्चीवर गेलो. मधला रविवार असल्यामुळे त्साय-वेई आलेली होती. ती आता थाओयुआनला एका कारखान्यात हिशेब बघते, दोन मैत्रिणींसोबत एका खोलीत राहते. इथे घर घेण्याचं नावही काढत नाही. युए-ली शेंगा सोलत होती.

मी म्हणालो, "तिसऱ्या मजल्यावर राहायला चला."

युए-लीने शेंगा सोलायचं थांबवलं नाही. "कोण मेलं, काका?"

"कोणी नाही. अजून."

"मग?"

मी किल्ली पुढे केली. तिने ती घेतली नाही. "फुकट?"

"फुकट."

"फुकट नको. फुकट ठेवणारा उद्या हाकलतो आणि आपल्याला तोंड उघडता येत नाही. भाडं घ्या. इथलं देते तेवढं देईन. पावती द्यायची. करार करायचा, करात दाखवायचा. आणि माझं नाव त्या पत्त्यावर लागलं पाहिजे."

"तुझ्या नावाने माझा कर वाढेल गं," असं माझ्या तोंडून निघून गेलं. सवयच ती.

ती पहिल्यांदाच हसली. "वाढू दे की जरा, काका. पंधरा-वीस वर्षं आम्ही तुमचा कमी करत होतो."

मी हो म्हणालो. सोमवारी आम्ही दोघं नोंदणी कार्यालयात जाऊन आलो. कारकुनाने विचारलं, "आधीचा राहण्याचा पत्ता?" युए-लीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "याच इमारतीत, गच्चीवर." पत्र्याची खोली सरकारदरबारी मी स्वतः सांगितली. आता ती पाडायला माणसं येतील. येऊ देत.

कलम सातवं : तिसरा मजला, खरी व्यवस्था.

(अ) तिसरा मजला आजपासून, माझ्या हयातीतच, लेखी कराराने व पावतीने श्रीमती फान युए-ली यांच्या कब्जात आहे. त्या आणि त्यांची मुलगी त्साय-वेई यांना हवं तोवर, माझ्यानंतरही, त्याच भाड्याने तिथे राहता यावं.

(ब) माझ्या पश्चात मालकी ग्वान-लिनकडे जाईल, पण वरील बोजासह. त्याने हे घर रिकामं करवू नये आणि त्या दोघी स्वतःहून गेल्यास कुलूप लावून ठेवू नये. राहावं किंवा राहायला द्यावं.

(क) इमारत पाडून नवी बांधायची ठरल्यास संमती द्यावी. ज्यान यांचे गुडघे जिने चढून गेले आहेत, त्यांना लिफ्ट हवी. आणि जास्त घरं झाली तर गल्लीला काही धाड भरत नाही. मात्र नव्या इमारतीत परत येण्याचा त्या दोघींचा हक्क आधी लिहून घ्यावा, मगच सही करावी.

(ड) माणूस नसलेल्या खोलीत एसी चालवू नये.

(ड) वाचताना च्वोबाई म्हणाल्या, "हे कायद्यात बसत नाही." मी म्हणालो, "राहू दे."

सह्या करायच्या आधी एक गोष्ट झाली, ती लिहून मग हे बंद करतो.

सामान खाली आणून झालं होतं. आम्ही सगळे, साक्षीदारांसकट, तिसऱ्या मजल्यावर फरशीवर बसलो होतो, कारण सोफा बसण्याजोगा राहिलेला नाही. दार उघडंच होतं. त्साय-वेई शेवटची पिशवी घेऊन जिना उतरली, दाराशी आली आणि थांबली. उघड्या दारावर तिने दोनदा हळूच टकटक केलं.

युए-ली म्हणाली, "अगं, आपलंच आहे, ये की आत!"

ती लाजून हसली. म्हणाली, "सवय. लहानपणी मला वाटायचं, आत कोणीतरी आजारी माणूस राहतो. एसी चालू असायचा, पण तो माणूस कधी बाहेर यायचा नाही. म्हणून मी पाढे मनातल्या मनात म्हणायची, त्यांना त्रास नको म्हणून. आणि शाळेत जाताना रोज दाराशी सांगून जायची, आजोबा, लवकर बरे व्हा."

वेंग मोठ्याने हसले, ज्यानही हसले. च्वोबाईंनी ते लिहून घ्यायचं की नाही म्हणून माझ्याकडे पाहिलं. लिहा, असं मी हाताने सांगितलं.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी तो ऐकला, तो माझाच आहे. त्याखाली स्वतःच्या हाताने सही करीत आहे. ती वाकडी आली तर हाताला दोष द्यावा, इतर सगळ्याचा मला.

सही : को जिन-शू

लेखक व साक्षीदार : च्वो बी-श्या (हसू आलं नाही, असं त्यांनी लिहायला सांगितलं आहे.)
साक्षीदार : वेंग छी-च्वान, शेवयांचं दुकान, तळमजला
साक्षीदार : ज्यान थिएन-लाई, दुसरा मजला

दिनांक : प्रजासत्ताक वर्ष एकशे चौदा (इसवी सन २०२५), जुलैचा शेवटचा रविवार, दुपार
ठिकाण : सानचोंग, बर्फ कारखान्यामागची गल्ली, तिसरा मजला, श्रीमती फान युए-ली यांचं घर